एका वसंतकवितेचे वाचक

विल्यम वर्ड्‌स्वर्थची ‘लाइन्स रिटन इन अर्ली स्प्रिंग’ ही चोवीस ओळींची कविता ज्यांनी विद्यार्थिदशेत वाचली, त्यांपैकी बहुतेकांना तिच्यातील पक्षी आठवतात. थोड्यांना तिच्यातील शोक आठवतो. दोन्ही एकदम आठवणारा वाचक आम्हांला क्वचितच भेटला आहे. आम्ही स्वतः पहिल्या वर्गातले. परीक्षेसाठी पाठ केलेल्या टिपणांत ‘निसर्गप्रेम’ या एका शब्दाखाली ही कविता निकालात काढलेली होती, आणि आम्हीही उत्तरपत्रिकेत ती तशीच निकालात काढली. पुष्कळ वर्षांनी ती पुन्हा हाती आली तेव्हा ध्यानात आले की, आम्ही तिचा निम्मा भाग वाचलाच नव्हता. पुढे तिच्या वाचकांचा मागोवा घेऊ लागलो आणि थोडे हायसे वाटले. कारण निम्मी कविता वाचणाऱ्यांच्या रांगेत आमच्यापेक्षा थोर मंडळी उभी होती, आणि त्या रांगेच्या अग्रभागी खुद्द कवीही होता.

कवितेचा आशय साधा आहे. कवी झाडीत टेकून बसला आहे. असंख्य पक्ष्यांचे स्वर एकमेकांत मिसळून कानी येत आहेत. मन प्रसन्न आहे. पण ही प्रसन्नता अशी की, तिच्या पाठोपाठ उदास विचार चालत येतात. निसर्गाने मानवी आत्म्याला आपल्या सृष्टीशी जोडून घेतले आहे आणि त्याच क्षणी माणसाने माणसाचे काय करून ठेवले, हा विचार कवीच्या काळजाला घरे पाडतो. प्रिमरोजच्या झुबक्यांतून पेरिविंकलची वेल पसरली आहे. प्रत्येक फूल ज्या हवेत श्वास घेते तिचा आनंदही घेते, अशी आपली श्रद्धा असल्याचे तो सांगतो. पक्षी बागडत आहेत; त्यांच्या मनातले आपल्याला मोजता येत नाही हे तो कबूल करतो, तरी त्यांची बारीकशी हालचालही सुखाची थरथर भासली असे म्हणतो. कोवळ्या डहाळ्या पंख्यासारख्या पसरून वारा धरू पाहतात, आणि येथे तो एक विलक्षण गोष्ट बोलून जातो : काहीही केले तरी, तेथे आनंद होता असे मला मानावेच लागते. शेवटच्या कडव्यात प्रश्न येतो : हे जर असे असेल, तर माणसाने माणसाचे जे केले त्याचा शोक करण्यास मला कारण नाही काय?

‘काहीही केले तरी मानावेच लागते’ हा या कवितेचा प्राण आहे, असे आमचे मत आहे. आनंदाने भारलेला मनुष्य असे बोलत नाही. असे बोलतो तो, ज्याने उलट मानण्याचा प्रयत्न करून पाहिला आहे आणि ज्याला तो साधलेला नाही. येथील श्रद्धा म्हणजे फुलांवर भाळलेल्या मनाची लहर नव्हे. ती कवीच्या गळ्यात पडलेली आहे. आणि जो शोक आहे तो या श्रद्धेवरच उभा आहे. फुलाला सुख नसेलच, तर माणसाच्या दुःखाची तुलना कशाशी करायची? श्रद्धा ढासळली की शोकही ढासळतो. म्हणून पक्षी आणि शोक यांची फाळणी या कवितेत करता येत नाही.

कवीने हे उलट मानण्याचा प्रयत्न का केला असावा, याचा एक धागा त्याच्याच आठवणीत सापडतो. इ. स. 1843 मध्ये इझाबेला फेनविक या स्नेही बाईंना त्याने आपल्या कवितांविषयीच्या टीपा सांगितल्या व त्यांनी त्या लिहून घेतल्या. तीत तो म्हणतो की, सॉमरसेट परगण्यात होलफर्डजवळ ऑल्फॉक्सडनच्या आवारातून वाहणाऱ्या ओढ्याकाठी ही कविता झाली. तेथे एक धबधबा होता. त्याखालच्या डोहावर एक झाड, बहुधा ॲशचे, आडवे पडलेले होते. त्या पडल्या झाडातून फांद्या सरळ वर निघाल्या होत्या, प्रकाशाच्या शोधात. पण वर दाट सावली असल्यामुळे त्यांची पाने ऊन न मिळून जवळजवळ पांढरीफटक झाली होती. झाडाच्या खालच्या अंगाने आयव्हीच्या लांब बटा लोंबत होत्या आणि धबधब्याच्या वाऱ्याने हलत होत्या.

वाचकहो, हे चित्र कवितेत कोठेही नाही. उन्मळलेले झाड नाही, उजेडासाठी धडपडणाऱ्या फांद्या नाहीत, रक्तहीन पाने नाहीत. कवी ज्या जागी बसून सृष्टीच्या सुखाचा विश्वास उच्चारत होता, त्याच जागी त्या विश्वासाविरुद्धचा साक्षीदार डोहावर आडवा पडला होता. कवितेत त्याला प्रवेश मिळाला नाही. पंचेचाळीस वर्षांनी टीपेत मिळाला. आमचा तर्क असा की, ‘काहीही केले तरी’ या शब्दांत त्या पांढऱ्या पानांची सावली उरली आहे. तर्क आहे, सिद्ध करता येणार नाही.

काळही लक्षात घेतला पाहिजे. कविता 1798 च्या वसंतातली. फ्रान्स व इंग्लंड यांच्यात 1793 पासून युद्ध पेटलेले होते. ज्या राज्यक्रांतीवर तरुण वर्ड्‌स्वर्थने 1791-92 मध्ये फ्रान्समध्ये राहून जीव लावला होता, तिने रक्त सांडले होते. त्या देशात त्याची एक मुलगी वाढत होती आणि युद्धामुळे तिचे तोंड पाहणे अशक्य झाले होते. ऑल्फॉक्सडनच्या शेजाऱ्यांना तर हा रात्री-अपरात्री हिंडणारा भाडेकरू व त्याचा मित्र कोलरिज हे फ्रेंचांचे हेर वाटले, आणि 1797 च्या ऑगस्टमध्ये सरकारने पाळत ठेवण्यास एक माणूसही धाडला. कोलरिजने पुढे 1817 मध्ये आपल्या आत्मवृत्तपर ग्रंथात या हेराची मोठी गमतीदार हकीगत दिली आहे : स्पिनोझा या तत्त्वज्ञाचे नाव कानी पडताच ते आपल्या मोठ्या नाकाविषयी आहे, असा त्या बापड्याचा समज झाला म्हणे! या कवींच्या वाट्याला आलेले हे पहिले वाचक. हकीगत हसण्याजोगी आहे. पण ज्या देशात ओढ्याकाठी फिरणाऱ्या माणसाच्या मागे हेर लागतात, तेथे ‘माणसाने माणसाचे काय केले’ हा प्रश्न कोणाला पुस्तकी वाटणार?

त्याच वर्षी ही कविता ‘लिरिकल बॅलड्स’ या निनावी संग्रहात छापली गेली. त्या पुस्तकातील तिचे शेजारी पाहण्यासारखे आहेत. तिच्या थोडे आधी सायमन ली हा म्हातारा शिकारी-सेवक येतो. त्याचा धनी गेला, वाडा ओस पडला, घोटे सुजले. एक जुने खोड त्याला उखडता येत नाही. कवी एका घावात ते तोडतो, तेव्हा म्हाताऱ्याच्या कृतज्ञतेनेच कवीला अधिक दुःख होते. तिच्या थोडे पुढे, पन्नास मेंढरांच्या कळपातले शेवटचे कोकरू हातांत घेऊन भर रस्त्यात रडणारा धनगर भेटतो. मुले उपाशी असताना त्याने पॅरिशकडे मदत मागितली, तर तुझ्याकडे मेंढरे आहेत, तू श्रीमंत, असे उत्तर मिळाले. त्याच पुस्तकात युद्धाने नवरा व मुले गिळलेली एक भटकी स्त्रीही आहे. अशा मंडळींच्या मध्ये बसलेल्या वसंतकवितेला माणसाच्या दुःखाचा तपशील देण्याची गरज नव्हती. तपशील मागच्या-पुढच्या पानांवर होता.

पुढे कवीने आपल्या समग्र कवितांची नवी वर्गवारी केली आणि ही कविता ‘भावना व चिंतन’ या गटात जाऊन पडली. पालग्रेव्हने 1861 मध्ये ‘गोल्डन ट्रेझरी’ तयार केली, तीत ती आणखी एकटी झाली. आणि हेच पुस्तक भारतातील महाविद्यालयांत पिढ्यान्‌पिढ्या वाचले गेले. धनगर गेला, उरले पक्षी. आमच्या टिपणकाराला सर्वस्वी दोष देता येत नाही, तो यामुळे.

परंतु सर्वांत मोठा बदल कवीनेच केला. 1798 च्या पाठात शेवटच्या कडव्याच्या पहिल्या दोन ओळींचा भाव असा आहे : हे विचार जर मला थोपविता येत नसतील, माझ्या श्रद्धेची घडणच जर अशी असेल. पुढील आवृत्त्यांत त्या जागी आले ते असे : हा विश्वास जर स्वर्गातून आलेला असेल, निसर्गाची पवित्र योजनाच जर अशी असेल. वरवर पाहता सुधारणा निर्दोष आहे. भाषा उदात्त झाली, स्वर्ग आला, पावित्र्य आले. आमच्यासारख्या नियतकालिकाच्या वाचकांना हाच पाठ अधिक जवळचा वाटावा, अशी कोणाचीही अपेक्षा असेल. आम्हांला मात्र पहिलाच पाठ श्रेष्ठ वाटतो, आणि तसे स्पष्ट सांगणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

कारण असे. ‘काहीही केले तरी मानावेच लागते’ या पाचव्या कडव्यातील शब्दांना ‘थोपविता येत नसतील’ हे शब्द लगेच हात देतात. एकाच झगड्याची ती दोन टोके आहेत. शिवाय तिसऱ्या कडव्यात ‘माझी श्रद्धा’ आणि शेवटच्यात ‘माझ्या श्रद्धेची घडण’ अशी जोड होती. दोन्ही ठिकाणी कवी आपल्या नावावर कर्ज घेत होता. सुधारित पाठात तो ‘माझी’ गेला. झगडा मिटला. जबाबदारी स्वर्गावर आणि निसर्गावर अशी वाटून दिली गेली. विश्वास धाडणारा स्वर्ग आणि योजना आखणारा निसर्ग! मुलांना धर्मशिक्षण देणारा आमचा कोणीही कॅटेकिस्ट या ओळीपाशी अडखळेल आणि विचारील, की योजना नेमकी कोणाची? मधल्या काळात वर्ड्‌स्वर्थ सरकारी हुद्देदार झाला होता, प्रस्थापित चर्चचा एकनिष्ठ अनुयायी झाला होता. त्याच्या श्रद्धेविषयी शंका घेण्याचा आम्हांला अधिकार नाही. परंतु वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी धडपडत उच्चारलेल्या शब्दावर उतारवयात शिक्कामोर्तब केले, की तो अधिक खरा होतो असे नाही. चाचपडणाऱ्या श्रद्धेला आम्ही फारदा कमी लेखतो. देवळात येऊन मागच्या बाकावर बसणारा माणूस पुढच्या बाकावरच्यापेक्षा कमी प्रार्थना करतो, असे कोठे आहे?

विल्यम ब्लेकने हा धोका फार लवकर हेरला होता. हेन्री क्रॅब रॉबिन्सनने वाचावयास दिलेल्या 1815 च्या संग्रहाच्या समासात 1826 मध्ये त्याने टिपणे केली. ती या कवितेवर नाहीत. परंतु वर्ड्‌स्वर्थमधील नैसर्गिक मानव आध्यात्मिक मानवावर सतत उठून येतो व तेव्हा तो कवी न राहता मूर्तिपूजक तत्त्वज्ञ होतो, हा त्याचा आक्षेप ‘निसर्गाच्या पवित्र योजने’ला तंतोतंत लागू पडतो. 1798 च्या पाठाला तो लागू पडत नाही. तेथे निसर्गाला गादीवर बसविलेले नाही. एका माणसाने आपली असहायता सांगितली आहे.

याच दोन खंडांच्या 1815 च्या आवृत्तीचा दुसरा एक वाचक अगदी वेगळा. जॉन स्टुअर्ट मिल विसाव्या वर्षी, 1826 च्या शरदात, खोल औदासीन्यात बुडाला होता. बापाने लहानपणापासून तर्काच्या घाण्याला जुंपलेले हे पोर. भावना म्हणून काही उरलीच नाही अशी त्याला भीती पडली. बायरन वाचून उतार पडला नाही. 1828 च्या शरदात त्याने वर्ड्‌स्वर्थ उघडला. बाह्य सौंदर्याचे नुसते वर्णन नव्हे, तर त्या सौंदर्याने जागृत केलेल्या भावना व त्या भावनांनी रंगलेले विचार या कवितांत आहेत म्हणून त्या आपल्या मनाला औषध ठरल्या, असे तो 1873 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात सांगतो. आणखीही एक गोष्ट तो सांगतो, ती आम्हांला फार मोलाची वाटते : या चिंतनाने माणसांच्या सुखदुःखाविषयीची आस्था कमी न होता वाढली. पक्षी ऐकूनही धनगर न विसरलेला हा वाचक आहे.

यानंतर प्रश्न बदलला. फुलाला सुख होते हे खरे काय, असे लोक विचारू लागले. रस्किनने 1856 मध्ये निर्जीवावर मानवी भावना लादण्याच्या सवयीला ‘पॅथेटिक फॅलसी’ असे नाव दिले. आपण शाळेत चेतनगुणोक्तीचे उदाहरण देऊन गुण मिळविले, त्याच अलंकारावर रस्किन सत्याच्या बाजूने बोट ठेवतो. परंतु 1798 मध्ये फुलाच्या सुखाची गोष्ट निव्वळ अलंकाराची नव्हती. इरॅस्मस डार्विनने ‘झूनोमिया’ या वैद्यकीय ग्रंथात वनस्पतींना संवेदना असल्याचे गंभीरपणे मांडले होते आणि वर्ड्‌स्वर्थने त्याच वसंतात प्रकाशक कॉटलकडून तो ग्रंथ मागवून घेतला होता. पुढे आपल्याकडे जगदीशचंद्र बोस यांनी 1902 च्या ग्रंथात वनस्पतींच्या प्रतिसादाचे प्रयोग मांडले. अर्थात प्रतिसाद म्हणजे सुख नव्हे, आणि कवितेची बाजू विज्ञानाकडून लढविण्याची आम्हांला हौस नाही. कवी स्वतःच पक्ष्यांचे मन मोजता येत नाही असे म्हणतो. रस्किनच्या आक्षेपाचे अर्धे उत्तर त्यात आहे.

ऑल्डस हक्स्लीचा 1929 मधील ‘वर्ड्‌स्वर्थ इन द ट्रॉपिक्स’ हा निबंध अधिक झोंबणारा आहे. इंग्लंडचा निसर्ग माणसाळलेला. विषुववृत्ताच्या अरण्यात काही काळ काढला असता तर कवीची ही सुखद श्रद्धा गळून पडली असती, असा त्याचा रोख. निबंध खुमासदार आहे. पण आम्ही वर दिलेली टीप हक्स्लीच्या विरुद्ध जाते. उजेडासाठीची झुंज पाहण्यास कवीला बोर्निओला जाण्याचे कारण नव्हते. ती सॉमरसेटच्या ओढ्यावर त्याच्या डोळ्यांपुढे चालली होती.

हक्स्लीचा निबंध येथे वाचताना एक गंमत होते. आपण त्या उष्ण कटिबंधातलेच. आपल्या चैत्रात पळस-पांगारा फुलतो खरा, पण माथ्यावर ऊन तापलेले असते आणि विहिरीचे पाणी तळाला जाऊ लागते. हिवाळ्याच्या मरणातून सृष्टी उठल्याचा जो भाव इंग्रजी वसंतात आहे, तो आपल्याला लाभतो पावसाळ्यात. बालकवींना श्रावण दिसला तो उगाच नव्हे. ज्या रेव्हरंड टिळकांच्या नगरच्या घरी हा तरुण कवी राहिला, त्या फुलामुलांच्या कवीलाही फुलाशी बोलण्यासाठी ऋतूचे इंग्रजी पंचांग लागले नाही. पेरिविंकल म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे सदाफुली येते. ती याच कुळातली, मूळची मादागास्करची, पण कवितेतली ती जमिनीलगत पसरणारी वेल, निळसर फुलांची. सदाफुली समजून वाचले तरी कवितेचे फारसे बिघडत नाही. ‘वसंत म्हणजे आनंद’ असे समजून वाचले तर मात्र बिघडते.

आय. ए. रिचर्ड्‌स याने केंब्रिजमध्ये विद्यार्थ्यांना तेरा कविता कवींची नावे न सांगता दिल्या व त्यांचे अभिप्राय 1929 मध्येच ग्रंथरूपाने छापले. आमची कविता त्यांत नव्हती, पण त्याने दाखवून दिलेला ठरीव प्रतिसादाचा दोष हाच : वाचक कवितेला नव्हे, तर स्वतःजवळ आधीच तयार असलेल्या भावनेला उत्तर देतो. त्या तेरांत येशूसंघीय धर्मगुरू जेरार्ड मॅन्ली हॉपकिन्स यांची 1880 ची एक लहान कविता होती. पानगळ पाहून रडणाऱ्या मुलीला कवी सांगतो की, तुझे हे दुःख अखेर तुझ्या स्वतःसाठीच आहे. पतित मानवस्वभावाचे हे दुःख हॉपकिन्स ज्या नजरेने पाहतात, ती नजर आपल्याला ओळखीची आहे. हॉपकिन्सना वर्ड्‌स्वर्थविषयी अपार आदर होता. 1886 मध्ये डिक्सन या कविमित्राला लिहिलेल्या पत्रात वर्ड्‌स्वर्थच्या अमरत्वाच्या ओडची त्यांनी हिरिरीने बाजू घेतली आहे. साहजिकच कॅथलिक वाचकाला मोह होतो की, ‘माणसाने माणसाचे काय केले’ याचाही अर्थ आदिपापाकडे न्यावा. आमच्या एका धर्मगुरू स्नेह्यांनी हा अर्थ आमच्यापुढे फार सुंदर रीतीने मांडला. आम्ही त्यांच्याशी सहमत झालो नाही. सायमन लीचे घोटे आदामामुळे सुजले नाहीत. धनगराची मेंढरे एकामागून एक विकली गेली ती नियमावर बोट ठेवणाऱ्या पॅरिशच्या माणसांमुळे. कवी ‘माणसाने’ म्हणतो, तो कर्ता आहे. त्याला एदेन बागेपर्यंत मागे नेले की, आज हिशेब देणारे कोणी उरत नाही.

अलीकडच्या टीकाकारांचा आरोप याच्या नेमका उलटा आहे. जेरोम मॅकगन यांच्या 1983 च्या ग्रंथापासून असे म्हटले जाऊ लागले की, स्वच्छंदतावादी कवी इतिहासातून पळ काढून निसर्गात दडतात. जोनाथन बेट यांनी 1991 मध्ये त्यास उत्तर देताना निसर्गाविषयीची आस्था हेच एक राजकारण असल्याचे प्रतिपादले. वाद लांबला, आम्हांला त्यात पडावयाचे नाही. पालग्रेव्हमध्ये एकटी पडलेली कविता वाचली तर मॅकगनपंथीयांचे म्हणणे पटते, 1798 च्या पुस्तकात वाचली तर पटत नाही, एवढेच नोंदवतो.

आमच्या लहानशा वाचनमंडळात एका संध्याकाळी आम्ही या कवितेचा गद्य आशय सांगितला. एका तरुणाने लगेच विचारले, “फुलांना आनंद होतो हे कवीला कसे कळले?” कोणी उत्तर देण्याआधी, उभा जन्म बागायतीत गेलेल्या एक वृद्ध बाई म्हणाल्या, “सुख होतं का नाही, ते देव जाणे, बाबा. पण पाणी चुकलं की झाड रुसतं, एवढं मला ठाऊक आहे. आणि ते रुसलं की मला जेवण जात नाही.” तरुण गप्प बसला. बाईंना वर्ड्‌स्वर्थ ठाऊक नव्हता, पण ‘मानावेच लागते’ म्हणजे काय, हे आम्हांला त्या दिवशी अधिक कळले.

फेनविकबाईंना सांगितलेली टीप आम्ही वर अर्धीच दिली. चाळीसहून अधिक वर्षांनी कवी मित्रमंडळींसह त्या ओढ्यावर पुन्हा गेला, तेव्हा ते आडवे झाड नाहीसे झाले होते. ही जागा लोकांना पाहता यावी म्हणून येथे वाट का केली नाही, याची हळहळ त्याने जागेच्या मालकाजवळ बोलून दाखविली. वाट रुंद नको होती, डोळ्यांत भरणारी नको होती. अशा जागांची आवड असलेल्या माणसाला अंग चोरून पुढे सरकता येईल, एवढीच.